आप्पांच्या मिशीतला पुदिना

पोलीस ठाण्याच्या साहेबांनी तपास केलाच नाही. पुढे कुठेतरी आडून सांगण्यापेक्षा हे आधीच तोंडावर सांगितलेलं बरं. घरातले म्हातारे आप्पा ग्लासभर पेय पिऊन बेशुद्ध पडले. साहेब आले, त्या ग्लासाच्या तळाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "हे कुणी बनवलं?" घरातली सून म्हणाली, "मी." झाला तपास! ग्लासात झोपेच्या गोळ्यांचा अंश आहे, हे प्रयोगशाळेनं नंतर कळवलं. साहेबांचा निकाल त्याआधीच लागला होता. ग्लासात आणखी काय काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही. शेजारच्या दारावर टकटक केली नाही. खुर्चीवाल्याला उठायचा कंटाळा आला, की उभ्या माणसावर बालंट येतं. त्या घरात उभी होती ती सून.

ती सूनबाई आता वहिनींच्या बैठकीत उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना.

वहिनी म्हणजे खासगी तपास करणाऱ्या बाई. आधी विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या, आता स्वतःची पाटी लावून बसल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणते, कारण सोबत फिरणारा त्यांचा दीर दिवसातून शंभरदा "वहिनी, वहिनी" करतो. हे भाऊजी एकेकाळचे फोटोग्राफर. हल्ली मोबाईलमुळे जो तो फोटोग्राफर झाला, तेव्हा भाऊजींनी स्टुडिओला कुलूप घातलं आणि वहिनींची बॅग धरली. नजर अजून चांगली होती. नजरेनं टिपलेलं डोक्यापर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागायचा.

"उद्या सकाळी साहेब येणार आहेत," सूनबाई म्हणाली. ती पोहायला शिकवायची. केसांना तलावाच्या औषधाचा वास होता. "सही दिली तर 'हातून चुकून झालं' असं लिहून घेणार. नाही दिली तर मला घेऊन जाणार."

"सही दे, असं कोण म्हणतंय?"

"माझा नवरा. म्हणतो, चूक कबूल केलीस की सुटशील."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी आप्पांना विष दिलं नाही. चुकूनही नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी जेवण सोडलं होतं, वहिनी. त्या हिरव्यावर माणसात आले. मी त्यांना झोपेच्या गोळ्या देईन?"

"हिरवं म्हणजे?"

"स्मूदी. आप्पांना तो शब्द आवडत नाही. ते म्हणतात, माझं हिरवं आण."

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला. भाऊजींनी न सांगताच बॅग उचलली.

*

स्वयंपाकघर छोटं आणि लख्ख होतं. खिडकीत दोन कुंड्या, एकीत पुदिना, दुसरीत बेसिल, ती परदेशी तुळस. सासूबाईंच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या ओट्याखालच्या खणात, कुणाच्याही हाताला लागतील अशा असायच्या. गोळ्यांची ती पट्टी आता साहेबांकडे होती.

"त्या दिवशी केलंस तसंच करून दाखव," वहिनी म्हणाल्या. "जसंच्या तसं. काही गाळू नको."

सूनबाईनं दोन किवी मधोमध कापून चमच्यानं गर काढला. सफरचंद सालीसकट, काकडीचे चार तुकडे, बेसिलची दोन पानं, पेलाभर गार पाणी, मूठभर बर्फ. मिक्सर जरासाच फिरवला.

"बिया भरडल्या तर चव बिघडते," ती म्हणाली. मग पुदिन्याची पानं तळव्यावर चुरगाळून वरून टाकली आणि चमच्यानं ढवळलं.

"पुदिना मिक्सरमध्ये का नाही?" भाऊजींनी विचारलं.

"काळपट पडतो, आणि मग उग्र लागतो. असा पानापानानं तोंडात यायला हवा. आप्पांच्या मिशीत रोज अडकायचा. काढा म्हटलं की म्हणायचे, असू दे, रात्री जेवताना लागेल." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही.

उंच काचेच्या ग्लासात पेय शेवाळासारखं गडद हिरवं दिसत होतं. काळ्या बिया तरंगत होत्या. भाऊजींनी ते एका दमात संपवलं.

"वा! अंगात झाड उगवल्यासारखं वाटतं."

"दात दाखवू नका भाऊजी, तिथंही उगवलंय," वहिनी म्हणाल्या. मग सूनबाईकडे वळून, "त्या दिवशी केलंस कधी?"

"जेवणं झाल्यावर. ग्लासवर बशी झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि शिकवायला गेले. दुपारची झोप झाली की आप्पा आपापलं काढून घेतात. मी घरी पोहोचले तेव्हा दारात साहेब उभे होते."

"चाव्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे, नवऱ्याकडे, नणंदेकडे."

"मिक्सर त्या दिवशी एकदाच लावलास?"

"एकदाच."

*

नणंद औषधांच्या दुकानात काम करायची. पांढरा कोट, कपाळावर आठी. गोळ्यांच्या पेट्या मागे रचलेल्या पाहून भाऊजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं. वहिनींनी दुर्लक्ष केलं.

"तिची बाजू घेऊन आलात का?" नणंद म्हणाली. "मग सरळ सांगते, आमचं कधी पटलं नाही. आईच्या भांड्यांवरून वाजलं होतं. पण खोटं बोलणार नाही."

"खोटं नकोच आहे. त्या दुपारी काय झालं?"

"मी आप्पांना रोज दुपारी फोन करते. त्या दिवशी जीभ जड वाटली. म्हटलं, काय खाल्लंत? तर म्हणाले, 'सूनबाईचं हिरवं प्यालो. आज कडू झालंय गं. पण पोरीनं केलंय, टाकून कसं देऊ?' एवढं बोलले आणि फोन खाली पडल्याचा आवाज आला." तिनं कोटाची बाही डोळ्यांना लावली. "रुग्णवाहिका बोलावली आणि धावत गेले. आप्पा पलंगाशी पडलेले. डोक्याला खोक. आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यात हे."

"तोंड पुसलंत?"

"मीच पुसलं. मिशी, हनुवटी. दुधाळ फेस होता, पिस्त्यासारखा फिकट. ग्लासाच्या तळाशीही तसलंच राहिलं होतं."

"मिशीत पुदिना?"

नणंदेनं विचार केला. "नव्हता. नुसता फेस."

"ग्लास आणखी कुणी पाहिला?"

"साहेबांनी. लगेच कागदात गुंडाळून नेला. दादा कामावरून थेट दवाखान्यात आला. तिथं 'बायकोला आवर घालता आला नाही तुला' म्हणून मी त्याला फाडफाड बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही."

"आप्पा आता काय सांगतात?"

"डोळे उघडतात. शब्द अजून जुळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल." ती थांबली. "नेमकं त्याच संध्याकाळी त्यांना सुनावणीला जायचं होतं. आप्पांनी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात काढली. नव्या टाकीचं पाणी पिण्याजोगं नाही, लोकांसमोर उभं राहून सांगणार होते. त्यांच्याशिवाय सुनावणी उरकली. टाकी सुरू झाली."

बाहेर पडताच भाऊजी म्हणाले, "हीच! औषधाचं दुकान, किल्ली हातात, सुनेशी भांडण. आणखी काय हवं?"

"घरच्या खणात गोळ्या आयत्या पडल्या असताना दुकानातल्या कशाला लागतात? आणि फोन कुणी केला? धावत कोण गेलं? मारणारा माणूस रुग्णवाहिका बोलवायची घाई करत नाही, भाऊजी."

"मग ती सूनबाईच?"

"चला, शेजारी जाऊ."

*

शेजारी पियानो शिकवणाऱ्या बाई राहत. दोन घरांमध्ये एकच भिंत. बाई ताठ बसून बोलत आणि दर वाक्यानंतर पियानोचं झाकण पुसत.

"त्या दुपारी माझा वर्ग होता. एवढी नाजूक चाल, आणि भिंतीपलीकडे घर्रर्र! तेही थांबेना. सूनबाईचा मिक्सर मी ओळखते. ती जरा फिरवते आणि बंद करते, शिस्तीची मुलगी आहे. तिचा जेवणानंतर वाजून गेला होता. हा दुसऱ्यांदा, आणि दळण दळल्यासारखा."

"तेव्हा सूनबाई घरी होती?"

"कुठली! सायकल काढून गेलेली मीच पाहिली."

"हे साहेबांना सांगितलंत का?"

"साहेब आले तर सांगेन ना. ते जिन्यावरून उतरताना दिसले. इथे कुणी विचारायलाच आलं नाही."

*

नवरा टाकीवर भेटला. तो तिथला इंजिनिअर होता. नवी टाकी उन्हात पांढरीशुभ्र दिसत होती आणि तिच्या पायथ्याशी तो उभा, डोळ्यांखाली काळं.

"माझी अवस्था काय सांगू? एकीकडे बाप, एकीकडे बायको."

"बायकोनं केलं असं वाटतं?"

"जाणूनबुजून नाही. चुकून गोळ्या पडल्या असतील. म्हणून तर म्हणतो, सही करून मोकळी हो. साहेबही समजूतदार आहेत."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"इथंच. दिवसभर. टाकी सुरू होणार होती, हलता येत नव्हतं. बहिणीचा फोन आला आणि थेट दवाखान्यात गेलो."

"आप्पांचं ते पेय तुम्ही कधी घेता?"

"छे! मी सकाळी निघतो, ती ते दुपारी करते. सुट्टीच्या दिवशीही मी त्या वाटेला जात नाही. ते फिकट, दुधाळ, हिरवं बघूनच मला ढवळतं. आप्पा कसं प्यायचे देव जाणे."

"आप्पा म्हणायचे, या टाकीचं पाणी वाईट आहे."

त्याचा चेहरा घट्ट झाला. "आप्पा म्हातारे झालेत. टाकीच्या आतला लेप नीट बसलाय. मी स्वतः उतरून पाहिलाय, माझी सही आहे त्यावर."

वहिनींनी मान हलवली आणि पायथ्याच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. प्यायल्या मात्र नाहीत.

*

संध्याकाळी भाऊजींनी वहिनींच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सकाळच्या हिरव्याची चव जिभेवरून जात नव्हती. येताना त्यांनी किवी आणली होती. पण नुसत्या पाण्यात कसलं पेय, असं म्हणून त्यांनी पाण्याऐवजी दूध ओतलं.

"वहिनी, पाहा! तिच्यापेक्षा सरस." अर्धा ग्लास पिऊन त्यांनी ओठ पुसले. तेवढ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. लग्नाच्या अल्बमवरून वाद होता, चांगला लांबला. परत येऊन त्यांनी उरलेला ग्लास तोंडाला लावला आणि सिंककडे धावले.

"वहिनी! कडूजहर! आपल्याही घरात कुणीतरी..."

"आपल्या घरात आपण दोघंच आहोत."

"मग तुम्ही?"

"भाऊजी, तुमचा जीव घ्यायचा असता तर इतकी वर्षं तुमची बडबड ऐकली असती का?" पण बोलता बोलता त्या थबकल्या. ग्लास उचलला, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला. मग पुन्हा एकदा लावला. खिडकीबाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती. तिचा भरत जाणारा आवाज तेवढा येत होता.

"दूध नासकं होतं का?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"दूध चांगलं आहे. तुमचा चहा त्याचाच केलाय." त्यांनी ग्लास खाली ठेवला. सुटलेलं कोडं त्यांना आवडलेलं दिसत नव्हतं. "फार वाईट झालं, भाऊजी. त्या पोरीचं फार वाईट झालं."

*

सकाळी साहेब कागद घेऊन आले तेव्हा स्वयंपाकघरात सगळे जमले होते. सूनबाई ओट्याला टेकून, नवरा दाराशी, नणंद खुर्चीवर. टेबलावर दोन झाकलेले ग्लास.

"हा काय प्रकार?" साहेब म्हणाले.

"तुमचं राहिलेलं काम," वहिनी म्हणाल्या. "बसा. तुम्हाला बसायला आवडतं."

साहेब चक्क बसले.

वहिनींनी बशा काढल्या. एक ग्लास गडद हिरवा, बियांचा, वर पुदिना. दुसरा पिस्त्यासारखा फिकट.

"दोन्ही मघाशी सूनबाईसमोर केलेत. एकात गोळी नाही, दुसऱ्यातही नाही. साहेब, चाखून बघा. तुमची जीभ कायद्याइतकी भरवशाची आहे ना?"

साहेबांनी गडद चाखलं. "बरं आहे." मग फिकट. तोंड वाकडं झालं. "कडू! अगदी हेच, त्या दिवशीचं!"

"यात फक्त दूध जास्तीचं घातलंय. कच्ची किवी दुधात मिसळून ठेवली की थोड्या वेळानं दूध कडू होतं. फळाचा गुणच तो. लगेच प्यालं तर कळत नाही. काल आमचे भाऊजी विषबाधा झाली म्हणून नाचले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. म्हणजे आप्पांना कडू लागलं ते गोळ्यांमुळे असं धरून चालता येत नाही. आणि सूनबाई दूध घालतच नाही."

"त्या दिवशी घातलं असेल," साहेब म्हणाले.

"तिच्या ग्लासात वर पुदिन्याची पानं असतात. रोज आप्पांच्या मिशीत अडकतात. त्या दिवशी मिशीत पान नव्हतं, नुसता फेस. तिचा पुदिना कुणीतरी बारीक दळला. शेजारच्या बाईंनी मिक्सर दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा दळण दळल्यासारखा, तेही सूनबाई गेल्यावर. थोडक्यात, तिनं केलेलं पेय कुणीतरी फ्रिजमधून काढून पुन्हा मिक्सरला लावलं."

"पण दूध कशाला?" भाऊजींना राहवलं नाही.

"गोळ्या कुटून या गडद पेयात टाका, भाऊजी. पांढरी पूड वर तरंगते. माणूस घाबरतो. पांढरं लपवायचं तर सगळंच पांढरं करायचं. दूध ओतायचं आणि फिरवत राहायचं. ज्याला हे पेय ठाऊक आहे तो असं करणार नाही. चव बिघडेल, रंग बदलेल, एवढं त्याला कळतं. ज्यानं ते कधी नीट पाहिलंही नाही, तोच करेल."

नणंद ताडकन उठली. "चाव्या तीनच आहेत. माझ्याकडे बोट दाखवताय?"

"नाही. तुम्ही तो ग्लास पाहिलात, म्हणून रंग खरा सांगितलात. आणखी एकानं मला न विचारताच रंग सांगितला." वहिनी दाराकडे वळल्या. "इंजिनिअरसाहेब, तुम्ही म्हणालात, फिकट, दुधाळ, हिरवं. या घरात ते पेय रोज गडद होतं. दुधाळ फक्त एकाच दिवशी होतं. तो ग्लास कागदात गुंडाळून गेला, बहीण तुमच्याशी बोलत नाही, आणि तुम्ही दिवसभर टाकीवर होता. मग तो रंग तुम्हाला कुठे दिसला?"

नवऱ्यानं फिकट ग्लासावरून नजर खाली वळवली.

"टाकीवर तुमची सही आहे," वहिनींचा आवाज खाली आला. "सुनावणीत आप्पा बोलले असते, तर सगळ्यांनी विचारलं असतं, सही कुणाची? आप्पांना हे माहीत होतं. तरी ते जाणार होते."

"त्यांना फक्त झोप लागावी एवढंच होतं," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "संध्याकाळपुरती. वरून दबाव होता. टाकी सुरू झालीच पाहिजे, बापाला आवर, म्हणाले. रक्तदाबाच्या गोळ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, उठतील, रागावतील, संपेल."

"दादा!" नणंदेनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

साहेबांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "मला कुणी हे सांगितलंच नाही," ते पुटपुटले.

"विचारलंत का?" वहिनी म्हणाल्या. "वरून तो दबाव कुणाचा, तेही आता विचारावं लागेल. तो कागद लागेल तुम्हाला, फेकू नका. नाव बदलून घ्या."

भाऊजी सूनबाईकडे पाहत होते. ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. ओट्यापासून सुटून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तलावाच्या काठावरून पोराला हाक मारावी, तसा तिचा आवाज स्वच्छ आणि मोठा होता.

"आप्पांचं एकवेळ समजेन. घाबरलास, चुकलास. पण नंतर? रोज माझ्या शेजारी झोपत होतास. चहाचा कप हातात देऊन म्हणत होतास, सही कर, सुटशील. रात्री मी उठून बसायचे, तर पाठीवरून हात फिरवायचास." तिनं श्वास घेतला. "मी नाही म्हटलं असतं आणि आज हे साहेब मला या दारातून घेऊन गेले असते, तर तू काय करणार होतास? वर बघ. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. तू काय करणार होतास? बोल."